दुसरी गोलकीपर

माझ्या मुलीने आठवीत हॉकीची स्टिक हातात घेतली, तेव्हा तिच्या शाळेत त्या खेळासाठी अकरा मुली जमवतानाही सरांच्या नाकी नऊ यायचे. ती दहावीत गेली, तेव्हा त्याच टीममध्ये शिरायला आईबापांची झुंबड उडाली होती. मधल्या काळात डहाणूच्या मुलींना खेळाची गोडी लागली, असं कुणाला वाटत असेल तर तो माणूस दहावीच्या पालकसभेला कधी बसलेला नाही.

सुरुवातीची दोन वर्षं मात्र बरी गेली. क्रीडाशिक्षक नवीन लागले होते. कॉलेजात असताना ते स्वतः हॉकी खेळलेले, त्यामुळे शाळेच्या कोठीत पडलेल्या जुन्या स्टिका त्यांनी बाहेर काढल्या, त्यांना टेप गुंडाळली आणि शाळेमागच्या मैदानावर मुलींना पळवायला सुरुवात केली. मैदान कसलं, मुरमाचा एक उतार. चेंडू सरळ मारला तर दगडाला आपटून कुठेही जायचा, आणि पावसाळ्यात खालच्या गोलपोस्टपाशी तळं साचायचं. माझी मुलगी गोलकीपर झाली, कारण तिला चेंडूची भीती वाटत नव्हती. तिचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणायची की बाकीच्यांना फार पळावं लागतं.

गोलकीपरचं सामान म्हणजे पायाला बांधायचे जाड पॅड, बुटांवरून चढवायचे फोमचे किकर, छातीला कवच, हातमोजे आणि जाळीचं हेल्मेट. शाळेकडे त्याचा एकच संच होता आणि तो धुऊन वाळवायचं काम माझ्याकडे होतं. मी पंचायत समितीच्या ऑफिसात नोकरी करते, नवरा रेल्वेत, त्याच्या ड्युटीला वेळकाळ नाही. तेव्हा सकाळी मैदानावर सोडणं, संध्याकाळी आणणं आणि ते पॅड गॅलरीच्या कठड्यावर टांगणं, हे सगळं मीच करायची. त्यांना असा वास यायचा की शेजारच्या वहिनींनी एकदा आमच्याकडे उंदीर मेलाय का म्हणून विचारलं. तरी त्या दिवसांबद्दल माझी तक्रार नाही. मैदानावर सर, मुली आणि एखाददुसरी चरायला आलेली म्हैस, एवढंच असायचं. कुणी टाळ्या वाजवायला नव्हतं, तसं कुणी बोलायलाही नव्हतं.

मग जादा गुणांची बातमी फुटली. खेळात जिल्हा, विभाग, राज्य असं जितकं वर जाल तितके दहावीच्या निकालात गुण वाढतात, हे तसं जुनंच होतं. पण आमच्या शाळेतल्या पालकांना ते कळलं त्या वर्षी. कुणाच्या तरी भाचीला कबड्डीत असे गुण मिळाले आणि तिचा हव्या त्या कॉलेजात नंबर लागला. बस, तेवढ्यावर गावभर चर्चा सुरू झाली. कबड्डीत शिरायची सोय नव्हती. आमच्या भागात कबड्डी खेळणाऱ्या मुली गल्लोगल्ली आहेत आणि त्या खरंच खेळतात. हॉकीचं तसं नव्हतं. साऱ्या जिल्ह्यात मुलींच्या टीम हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. एक सामना जिंकला की जिल्हा जिंकला. हा हिशोब ज्यांच्या डोक्यात पहिल्यांदा आला, ते गणितात कच्चे नक्कीच नसणार.

पुढच्या पालकसभेत अभ्यासाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सगळे क्रीडाशिक्षकांभोवती. ज्या आया दोन वर्षं मला मुलीला उन्हात काळी करतेय म्हणून ऐकवत होत्या, त्याच आता स्टिक कुठे मिळते ते विचारत होत्या. पालकांतल्या एका सरकारी अधिकाऱ्याने मोबाइलवर नियम वाचून आणले होते. त्यांनी सर्वांना समजावून सांगितलं की खेळतात अकराच जणी, पण टीममध्ये नावं अठरा असतात आणि प्रमाणपत्र अठराही जणींना सारखंच मिळतं. ते ऐकून सभेत जी शांतता पसरली, तशी मी प्रार्थनेच्या वेळीही कधी पाहिलेली नाही.

मुलींची संख्या वाढली. मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्च्या आल्या, थर्मास आले, मोबाइलवर पालकांचा गट निघाला. त्या गटावर सकाळी सूर्योदयाची चित्रं, दुपारी सोयाबीन खाण्याचे फायदे आणि संध्याकाळी सरांच्या शिकवण्यातल्या चुका असा ठरलेला क्रम होता. ज्यांनी आयुष्यात हॉकी फक्त टीव्हीवर, तीही रिमोट सापडेपर्यंत पाहिली होती, ते आता आपली मुलगी फॉरवर्डला का नाही म्हणून वाद घालत. सर बिचारे ऐकून घेत. बिचारे मी सवयीने म्हटलं. पुढे त्यांनी जे केलं ते पाहता तो शब्द मागे घेते.

समुद्राकडच्या एका बागायतदारांची मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गात होती. त्यांची चिकूची मोठी वाडी, थोडी भातशेती, शिवाय शाळेच्या समितीवर ते स्वतः. घरात गुजराती, बाजारात मराठी, दोन्ही भाषांत त्यांचं गोड बोलणं सारखंच. मुलगी उंच, चष्म्याची, अबोल. ती पळताना मी कधी पाहिली नव्हती. शाळेची घंटा झाली तरी ती चालतच यायची. या मुलीला हॉकीत कुठे बसवायचं, हा प्रश्न बागायतदारांनी शांतपणे सोडवला. त्यांच्या लक्षात आलं की अठरा जणींमध्ये दोन गोलकीपर असतात. पहिली खेळते. दुसरी बसते. बाकी राखीव खेळाडूंना अधूनमधून आत जावं लागतं, धावावं लागतं, हसं होण्याची भीती असते. दुसऱ्या गोलकीपरला यातलं काहीच नाही. तिने पाण्याची बाटली घेऊन बसावं आणि घरी जाताना प्रमाणपत्र घेऊन जावं.

अडचण एकच होती. दुसरी गोलकीपर आमच्याकडे आधीच होती. नववीतली एक मुलगी वर्षभर माझ्या मुलीच्या मागे लागून शिकत होती. तिला शाळेचे ते पॅड मोठे व्हायचे, तरी ती ते ओढत ओढत गोलमध्ये उभी राहायची.

एके दिवशी बागायतदार मला मैदानावर येऊन भेटले. माझी मुलगी पहिली गोलकीपर, म्हणून माझ्याकडून आधी होकार घ्यावा, असं त्यांना वाटलं असावं. ते म्हणाले, "बेन, तुमची मुलगी एवढी सरस खेळते की दुसरीला उतरायची वेळच येणार नाही. मग माझी तिथे बसली तर कुणाचं काय बिघडतं?"

मी म्हटलं, ते सरांनी ठरवायचं. त्या नववीतल्या मुलीचं बिघडतं, हेही म्हटलं. त्यावर ते हसले आणि तिला पुढचं वर्ष आहे ना, असं म्हणाले.

सरांनी आठवड्याभरात ठरवलं. मी त्यांना विचारायला गेले तेव्हा ते माझ्याकडे न बघता चेंडू गोळा करत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, मैदानाला रोलर हवाय. ते स्वतःचा रोलर पाठवतायत, ट्रॅक्टरसकट."

रोलर आला. मैदान खरंच सपाट झालं, हे मान्य करायला हवं. चेंडू पहिल्यांदाच सरळ रेषेत जाऊ लागला आणि मुली खूश झाल्या. नववीतली ती मुलगी मात्र दुसऱ्या दिवसापासून आली नाही. कबड्डीत गेली, असं कानावर आलं. आणि त्याच सपाट मैदानात नवरात्रात गरब्याचा मांडव उभा राहिला, खांबांसाठी जागोजागी खड्डे खणले गेले. मंडळाचे अध्यक्ष होते बागायतदारच. विभागाचे सामने तोंडावर असताना आमच्या मुली त्या खड्ड्यांमधून चेंडू काढत बसल्या. मी गटावर त्याबद्दल दोन ओळी लिहिल्या, तर मला धार्मिक भावनांची आठवण करून देण्यात आली.

पण हे नंतरचं. त्याआधी जिल्हा झाला.

जिल्ह्याला आमच्या वयोगटात तीन टीमची नावं होती. त्यातली एक आलीच नाही, त्यामुळे आम्ही न खेळताच अंतिम फेरीत पोचलो. अंतिम सामना तलासरीकडच्या एका शाळेशी होता. भर पावसात, चिखलात, कुणाला चेंडू दिसत नव्हता अशा अवस्थेत आमचा एक गोल झाला. तो कुणी मारला यावर मुलींचंही अजून एकमत नाही. माझ्या मुलीने शेवटी दोन चेंडू अडवले आणि आम्ही जिंकलो. एकच सामना खेळून आम्ही जिल्हा विजेते.

स्टेशनकडच्या रस्त्यावर मोठा फ्लेक्स लागला. त्यात मुलींचे फोटो पासपोर्टएवढे आणि समितीच्या मंडळींचे पुऱ्या आकाराचे. मधोमध हात जोडलेले बागायतदार. न बघितलेल्याला वाटावं की गोल त्यांनीच मारला. दुसऱ्या गोलकीपरचा फोटो पहिल्या ओळीत होता. त्या दिवशी ती पूर्णवेळ छत्री धरून विज्ञानाचं पुस्तक वाचत होती.

तिच्याबद्दल एक सांगायला हवं. सरावाला ती नेमाने यायची. पॅड तिच्यासाठी नव्हतेच, पण माझ्या मुलीचे पट्टे तीच बांधायची आणि सुटले की तीच आवळायची. गोलच्या मागे मांडी घालून बसायची, मांडीवर पुस्तक. मला वाटायचं की अभ्यास करते. माझ्या मुलीने एकदा सांगितलं की ती पुस्तकाचं पान फार वेळ उलटत नाही. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

विभागाचे सामने शहरात होते. मुलींची बस पुढे आणि मागे पालकांच्या गाड्या, अशी वरात निघाली. हायवेला थांबून महालक्ष्मीला नारळ फोडला. प्रसाद वाटताना त्या अधिकाऱ्यांनी हळूच सांगितलं की आता जिंकलो काय, हरलो काय, विभागात सहभाग झाला की पुरे. हे मुलींच्या समोर सांगितलं. कप्तान असलेली मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या हातात अर्धं खोबरं होतं, ते तिने खाल्लं नाही.

तिथलं मैदान पाहून आमच्या मुली कडेलाच थांबल्या. निळं, गालिच्यासारखं, आणि सामन्याआधी त्यावर पाणी मारत होते. मुरमावर शिकलेल्या मुलींना आपण चिखल टाळत आलो आणि हे मुद्दाम ओलं का करतात, तेच कळेना. आमचे बूट चुकीचे होते. समोरच्या शाळेच्या मुली या मैदानावर लहानपणापासून खेळत आलेल्या. त्यांनी चेंडू मारला की आवाज आधी यायचा आणि चेंडू कुठे आहे ते नंतर शोधावं लागायचं.

तरी माझी मुलगी उभी राहिली. मी आई म्हणून सांगत नाही, पंचांनीही तिच्याकडे बघून मान हलवली होती. पायाने, पॅडने, एकदा तर आडवं पडून छातीने तिने चेंडू अडवले. पालक टाळ्या वाजवत होते. त्यांना बहुधा वाटत होतं की गोलकीपरला इतके चेंडू येणं ही चांगली गोष्ट आहे.

मध्यंतराच्या जरा आधी समोरची एक मुलगी चेंडू घेऊन आत घुसली, माझी मुलगी पुढे झेपावली आणि दोघी एकमेकींवर आपटल्या. ती मुलगी उठली. माझी उठली नाही. मी कठड्यावरून कशी उतरले ते आठवत नाही. डॉक्टरांनी घोट्याला बर्फ लावला आणि आजचा खेळ संपला, असं सांगितलं. तिला उचलून बाकाशेजारी आणलं. ती रडत नव्हती. दात आवळून मैदानाकडे बघत होती.

सरांनी बाकाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. दुसरी गोलकीपर तिथे बसली होती, स्वच्छ कपड्यांत.

मग पालकांमध्ये धावपळ सुरू झाली. अधिकाऱ्यांनी मोबाइल काढला आणि गोलकीपरशिवायही खेळता येतं, नियमात बसतं, असं वरून ओरडून सांगितलं. आणखी दोघांनी त्यांना दुजोरा दिला. इतका वेळ ज्यांना मुलींनी जिंकावं असं वाटत होतं, त्यांना आता गोल उघडा ठेवला तरी चालणार होता. सरांची मान जवळजवळ हललीच होती.

तेवढ्यात ती मुलगी उठली. "सर, मी घालते पॅड," एवढंच म्हणाली.

माझ्या मुलीच्या पायातले पॅड काढून तिला बांधायचे होते. इतके महिने दुसऱ्याचे पट्टे आवळणाऱ्या त्या मुलीला स्वतःचे बांधताना बोटं चालेनात. जमिनीवर बसलेल्या माझ्या मुलीने एका हाताने बर्फ धरून दुसऱ्या हाताने तिचे पट्टे ओढले. हेल्मेटमध्ये चष्मा नीट राहीना, तर चष्म्याच्या काड्यांना मागून दोरी बांधली.

बागायतदार तोवर कठडा ओलांडून खाली आले होते. आधी सरांना म्हणाले, तिला उतरवू नका. मग ते पंचांच्या टेबलाकडे गेले आणि मुलीला सराव नाही, तिला लागेल, सामना थांबवा, असं सांगू लागले. टेबलावर बसलेल्या बाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग कागदावरून नजर न उचलता विचारलं, "सराव नाही तर टीममध्ये कशी?"

याचं उत्तर सगळ्या पालकांमध्ये त्यांनाच सर्वांत चांगलं माहीत होतं. शेवटी ते मुलीकडे वळले. गुजरातीत, खालच्या आवाजात तिला काहीतरी समजावू लागले. तिने हेल्मेटच्या जाळीतून त्यांच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना कळेल अशा मराठीत म्हणाली, "पप्पा, तुम्हीच नाव घातलंत."

आणि ती गेली. चालतच गेली, त्या सामानात पळणं तिला जमलंच नसतं.

पहिला चेंडू तिने पाहिलाच नाही. दुसऱ्या वेळी ती डावीकडे गेली आणि चेंडू उजवीकडून. आमच्या बचावातल्या मुली आधीच दमल्या होत्या, त्यांचे पाय निसटत होते. समोरच्या शाळेच्या कोचना थोडी लाज असती तर त्यांनी मुलींना सावकाश घ्यायला सांगितलं असतं. ते उलट आणखी गोल करा म्हणून ओरडत होते. त्यांच्या बाजूचे पालकही प्रत्येक गोलला उठून उभे राहत होते. तेव्हा मला समजलं की शहरातले आईबाप आमच्यापेक्षा शहाणे नाहीत, त्यांच्याकडे फक्त मैदान बरं आहे.

माझी मुलगी बाकाजवळून ओरडत होती. पुढे ये, पोस्टवर उभी राहू नको, कोन लहान कर. आधी ते त्या मुलीच्या कानात शिरत नव्हतं. मग कधीतरी शिरलं. एक मुलगी चेंडू घेऊन एकटीच तिच्यावर धावून आली आणि आमची दुसरी गोलकीपर गोल सोडून दोन-तीन पावलं पुढे सरकली. चेंडू धाडकन तिच्या पॅडवर बसला आणि बाजूला गेला. ती त्या चेंडूकडे बघत राहिली, जणू तो आपल्यामुळे तिकडे गेला यावर तिचा विश्वास बसत नव्हता. पुढच्याच क्षणी तिने तो लाथ मारून लांब घालवला.

त्यानंतरही गोल होत राहिले. आकडा सांगण्यात अर्थ नाही, तो वाचून हसणारे लोक हॉकी कधी खेळलेले नसतात. पण मधूनमधून एखादा चेंडू अडत होता आणि अडला की आमच्या मुली ओरडत होत्या. पालक नव्हते ओरडत. त्यांतले बरेचसे गाड्या सावलीत लावायच्या निमित्ताने निघून गेले होते. बागायतदार गोलमागच्या जाळीला धरून उभे होते. चेंडू आला की ते डोळे मिटून घ्यायचे, त्यामुळे मुलीने अडवलेले चेंडू त्यांनी पाहिले असतील असं मला वाटत नाही.

सामना संपल्यावर मुली तिच्याभोवती जमल्या. तिच्या दंडावर चेंडूचा गोल निळा डाग उठला होता आणि ती तो ज्याला त्याला दाखवत होती. वडिलांनी गाडीत एसी लावलाय, गाडीतून चल म्हटलं. ती बसमध्ये चढली. मी माझ्या मुलीचा पाय मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसले होते. या दोघींचं सबंध वाटभर एकच चाललेलं. चेंडू इकडून आला तर पाय कुठे, तिकडून आला तर हात कुठे. मनोर गेलं, चारोटी आलं, तरी यांचं संपेना. ढाब्यावर जेवायला थांबलो तेव्हा पालकांच्या टेबलावर विभागाचे किती गुण धरायचे, याची चर्चा रंगली होती. माझ्या मुलीच्या पायाची चौकशी एकाने केली. प्रमाणपत्रावर तिचं नाव येईल ना, सामना अर्धवट सोडलाय म्हणून काही अडचण तर नाही, अशी ती चौकशी होती.

पायाचं हाड वाचलं होतं, पण प्लास्टर काही आठवडे राहिलं. प्रमाणपत्रं आली, सत्कार झाला, सरांना शाल मिळाली. सत्काराच्या भाषणात बागायतदारांनी खेळाडूवृत्तीवर बराच वेळ बोलून घेतलं. निकाल लागला आणि जादा गुण ज्याच्या त्याच्या पदरात पडले. त्या दिवसापासून पालकांचा गट ओस पडला. सोयाबीन बंद, सूर्योदय बंद. एकेक जण निरोप न घेता गटातून बाहेर पडला. अठरा मुलींच्या अठरा स्टिका आता कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या पलंगाखाली आहेत. एका घरी स्टिकची दांडी करून तिला पडदा अडकवलेला मी स्वतः पाहिला.

माझ्या मुलीनेही खेळ सोडला. पाय पूर्ण बरा झाला होता, डॉक्टरांनी परवानगी दिली होती. पण ती म्हणाली की आता पहाटे उठवत नाही, आणि आपल्याला चित्रकलेकडे जायचंय. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तिने खेळ खेळून झाल्यावर सोडला होता. आमच्या टीममधल्या निम्म्या जणींना सोडण्यासाठी हातात काही आलंच नव्हतं.

अकरावीच्या मध्यावर बागायतदार माझ्या ऑफिसात आले. काम दुसरंच काहीतरी होतं, पण ते झाल्यावरही उठेनात. मी चहा मागवला. मग त्यांनी विषय काढला. मुलगी रोज संध्याकाळी स्कूटी काढून झरीला जाते. तिकडे मुलींची एक टीम आहे, कॉलेजातल्या, शाळा सोडलेल्या, सगळ्या मिळून खेळतात. त्यांच्याकडे गोलकीपर नव्हती. ही गेली आणि उभी राहिली. घरात सांगून बघितलं, आईने रडून बघितलं, ऐकत नाही.

"मार्क मिळाले, काम झालं," ते म्हणाले. "आता कशाला खेळायचं, बेन? तुमच्या मुलीने कसं शहाण्यासारखं सोडलं. तिला सांगा ना, हिला समजवायला."

मी विचारलं, ती अभ्यासात मागे पडलीय का. नाही म्हणाले. कुठे उशीर करते का. नाही. मग त्रास कसला? तर लोक विचारतात, अजून खेळते का म्हणून. मी त्यांना सांगितलं की माझी मुलगी समजवायला जाणार नाही, आणि गेली तर उलटंच समजावून येईल. त्यांनी चहा अर्धा ठेवला.

माझ्या मुलीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, चल, बघायला जाऊ. रविवारी आम्ही झरीला गेलो. तिथे उधव्याकडच्या मुलींबरोबर मैत्रीचा सामना चालू होता. मैदान आमच्यापेक्षा वाईट. दुसरी गोलकीपर आता पहिली होती, दुसरी कुणी नव्हतीच. ती पुढे येऊन उभी राहत होती, बचावातल्या मुलींना नावं घेऊन हाका मारत होती आणि एक सोपा गोल खाल्ल्यावर गुजरातीत असा शब्द बोलली की माझी मुलगी हसून खाली बसली. त्या अबोल मुलीचा आवाज एवढा मोठा असेल, हे मला माहीत नव्हतं. माझी मुलगी गोलमागे जाऊन उभी राहिली आणि दोघींचं कोन आणि पाय पुन्हा सुरू झालं.

रस्त्याच्या कडेला झाडाखाली ओळखीची गाडी होती. मला पाहून बागायतदार खाली उतरले. इकडून चाललो होतो, म्हणाले. झरीच्या त्या रस्त्याने पुढे त्यांचं काय काम होतं, ते मी विचारलं नाही. आम्ही दोघं मैदानाकडे वळलो. एका बाजूच्या मुली लाल कपड्यांत, दुसऱ्या पिवळ्या. गोलकीपरचा शर्ट टीमपेक्षा वेगळा असतो, तसा त्यांच्या मुलीच्या अंगात हिरवा होता. बराच वेळ त्यांची नजर लालवरून पिवळ्यावर आणि पिवळ्यावरून लालवर फिरत राहिली.

मग त्यांनी विचारलं, "बेन, यातली आपली टीम कुठली?"

या गृहस्थांनी वर्षभर हॉकीच्या नावाने फ्लेक्स लावले होते, भाषण केलं होतं. मी सांगितलं, लाल. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. तेवढ्यात फोन वाजला आणि ते चिकूच्या गाडीबद्दल बोलत झाडाखाली परत गेले.